आग जमिनीवरच राहते, शेंड्याला पोहोचत नाही: इंधनाचा डेटा कसा तपासावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डोंगराळ पाइन जंगलासाठी लँडफायरचा (वनस्पती आणि जळाऊ इंधनाच्या नकाशांचा अमेरिकी सरकारी संच) डेटा उतरवून घेतला, फ्लॅममॅपमध्ये (वणवा कसा वागेल ते काढणारं सॉफ्टवेअर) चालवला. अगदी कोरडं इंधन आणि जोराचा वारा देऊनही मॉडेल म्हणतं की आग जमिनीवरूनच जाईल. प्रत्यक्षात त्याच उतारावर काही वर्षांपूर्वी वणवा शेंड्याशेंड्यांतून गेला होता. इंधन मॉडेलचा (जमिनीवर काय आहे आणि ते कसं जळतं, हे सांगणाऱ्या क्रमांकांचा) नकाशा रंगवून बघितला तर सगळं ठीक दिसतंय. वारा वाढवून आग 'जुळवून' घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंय.

वाऱ्याला हात लावू नका. वारा वाढवून चित्र जुळेल, पण डेटातली चूक तशीच राहील आणि पुढच्या प्रत्येक रनमध्ये छळेल.

नकाशा रंगवून बघणं ही सुरुवात आहे, तपासणी नाही. लँडस्केप फाइलमध्ये आठ थर असतात: उंची, उतार, उताराची दिशा, इंधन मॉडेल, कॅनोपी कव्हर (झाडांच्या छताने झाकलेला टक्का), झाडांची उंची, कॅनोपी बेस हाइट (म्हणजे हिरवा झुबका जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतो) आणि कॅनोपी बल्क डेन्सिटी (छतातलं जळण किती दाट आहे). प्रत्येक थर एकेकटा बघितला तर पटण्यासारखाच वाटतो. चूक दिसते ती एकाच सेलचे (नकाशातल्या एका चौकोनाचे) आठही आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर. म्हणून माझा आग्रह असतो: ओळखीच्या जागेवरचे दहा-बारा सेल निवडा, आठही बँडची (म्हणजे थरांची) किंमत वाचा, आणि स्वतःला विचारा, अशी जागा खरोखर असू शकते का?

समजा एका सेलमध्ये इंधन १८३, कव्हर ६५, झाडांची उंची १८०, बेस हाइट २० आणि बल्क डेन्सिटी १२ आहे. लँडफायर पूर्णांकात साठवतं: दोन्ही उंच्या मीटरच्या दहापट, डेन्सिटी शंभरपट. म्हणजे १८ मीटरची झाडं, २ मीटरवर झुबका, ०.१२ किलो प्रति घनमीटर. अगदी ओळखीचं जंगल. पण लँडस्केप बांधताना एकक नुसतं 'मीटर' निवडलं गेलं असेल, तर झाडं १८० मीटरची झाली. जगातलं सर्वांत उंच रेडवूडसुद्धा सुमारे ११६ मीटरचं आहे. आणि झुबका २० मीटरवर गेला.

याचा परिणाम केवढा होतो ते बघा. शेंडा पेटण्यासाठी जमिनीवरच्या आगीची किती तीव्रता लागते, हे व्हॅन वॅगनरच्या १९७७ च्या सूत्रातून येतं, आणि ती बेस हाइटच्या दीड घातात वाढते. पानांतला ओलावा १०० टक्के धरला तर २ मीटरला सुमारे ४७६ किलोवॅट प्रति मीटर लागतात, म्हणजे साधारण १.३ मीटरची ज्वाला. २० मीटरला तोच आकडा १५,००० च्या पुढे जातो, ज्वाला जवळजवळ साडेसहा मीटर. दहापट चुकीची बत्तीसपट शिक्षा. उलट्या बाजूने चूक झाली, २ चे ०.२ झाले, तर १५ किलोवॅटलाच झाड पेटतं आणि अख्खं जंगल क्राउन फायरमध्ये (शेंड्यांच्या आगीत) दिसतं. तुमच्या लक्षणांवरून मला पहिली शंका एककाचीच येते. फ्लॅममॅपमधला क्रिटिक अहवाल काढा, प्रत्येक बँडची किमान-कमाल किंमत त्यात मिळते. पाच मिनिटांचं काम आहे.

एकक बरोबर निघालं, तर दुसरा संशयित इंधन मॉडेल. १८३, म्हणजे टीएल३, हा सूचिपर्णी पाचोळ्याचा थंड स्वभावाचा मॉडेल आहे. त्याच्या ज्वाला बहुतेक हवामानात गुडघ्याच्या वर जात नाहीत, मग १.३ मीटर कुठून येणार? बेस हाइट बिनचूक असली तरी शेंडा पेटणार नाही. खाली लांब सुयांचा जाड थर असेल तर टीएल८ (१८८) जवळचा. झाडाखाली झुडपं आणि कोवळी रोपं दाटली असतील तर टीयू५ (१६५) वगैरे बघायला हवा. हे उपग्रहाला वरून दिसत नाही. साइटवर गेलेल्या माणसाला विचारा, फोटो मागवा. कॅनोपी कव्हर वरून मोजता येतं, म्हणून त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. बेस हाइट अंदाजानेच बांधलेली असते आणि माझ्या मते आठ थरांतली सर्वांत कच्ची तीच. घाम गाळायचा तर तिथे गाळा.

शेंडा पेटला तरी आग शेंड्यांतून सलग धावेल की एकेक झाड पेटत राहील, हे बल्क डेन्सिटी ठरवते: ३ ला डेन्सिटीने भागा, सलग धावायला आगीला लागणारा वेग मीटर प्रति मिनिटात मिळतो. ०.१२ ला २५, ०.०६ ला ५०. डेन्सिटी अर्धी केली की सलग क्राउन फायर जवळपास गायब होते, हे लक्षात ठेवूनच त्या थराला हात लावा.

एक सापळा सांगतो, कारण नवीन माणसं त्यात हमखास पडतात. पानझडी झाडांच्या सेलमध्ये बेस हाइट १०० (म्हणजे १० मीटर) आणि डेन्सिटी अगदी नगण्य दिसते. ती चूक नव्हे. तिथे क्राउन फायर होऊ नये म्हणून मुद्दाम ठेवलेली किंमत आहे. 'दुरुस्त' करू नका. तसंच गवताळ सेलमध्ये कॅनोपीचे चारही थर शून्य असणं योग्य. तिथे नोडेटा (माहितीच नाही, अशी खूण) आला तर मात्र गडबड आहे.

आता डेटाचं वय. तुम्ही घेतलेली आवृत्ती कोणत्या वर्षापर्यंतची स्थिती दाखवते ते बघा आणि त्यानंतरच्या आगी, विरळणी, किडीची मर हे सगळं वर ठेवा. मोठ्या आगींच्या सीमा एमटीबीएसकडे (जळालेल्या क्षेत्रांची नोंद ठेवणारा अमेरिकी सरकारी प्रकल्प) १९८४ पासूनच्या मिळतात. विरळणीच्या बाबतीत बहुतेक जण फक्त इंधन मॉडेल बदलून मोकळे होतात. अर्धवट दुरुस्ती आहे ही. झाडं काढली की कव्हर आणि डेन्सिटी उतरते, बेस हाइट सहसा वाढते, आणि तोडलेल्या फांद्या तिथेच पडून असतील तर त्या जाळून होईपर्यंत खालचं इंधन २०१ किंवा २०२ कडे (तोडलेल्या फांद्यांच्या मॉडेलकडे) झुकतं. कव्हर उतरवायला विसरलात तर मॉडेल जुन्या दाट छताखालचा मंद वारा आणि जुनी सावलीच धरून बसतं. मग विरळणीनंतर आग कागदावर फारच गरीब दिसते, आणि कुणीतरी त्या आकड्यावर विसंबून निर्णय घेतं. मला सर्वांत जास्त काळजी याच चुकीची वाटते.

हे बदल ब्रशने सेल रंगवून करू नका. नियम लिहा: अमुक वनस्पती प्रकार, इतकं कव्हर, या सीमेच्या आत, तर असं करा. लँडफायरचं टोटल फ्युएल चेंज टूल किंवा आयएफटीडीएसएस (इंधन कमी करण्याच्या कामांचं नियोजन करायची ऑनलाइन प्रणाली) याच पद्धतीने चालतं. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि प्रत्येक नियमाशेजारी कारण लिहा.

रास्टरची (म्हणजे या चौकोनी सेलच्या थरांची) कामं थोडक्यात. इंधन मॉडेल रिसॅम्पल करताना (नव्या सेलमध्ये बसवताना) निअरेस्ट नेबर, म्हणजे सर्वांत जवळच्या सेलचीच किंमत, दुसरं काही नाही. १०२ आणि १८८ ची सरासरी १४५ येते आणि ते चक्क झुडपांचं वैध मॉडेल आहे, म्हणून सॉफ्टवेअर तक्रारही करणार नाही. उताराच्या दिशेचीही सरासरी नको: ३५९ आणि १ अंशाची सरासरी १८०, उत्तर उताराचा दक्षिण उतार झाला. त्याऐवजी उंचीचा थर नवीन प्रोजेक्शनमध्ये (नकाशाच्या मांडणीत) न्या आणि उतार व दिशा त्यावरून पुन्हा काढा. उतार अंशात आहे की टक्क्यात, तेही बघा. ४५ अंश म्हणजे १०० टक्के.

न जळणारे सेलही एकदा नजरेखालून घाला. ९१ हा वस्ती-बांधकामाचा कोड रस्त्यांवरही पडलेला असतो, आणि दाट जंगलातली एका गाडीपुरती कच्ची वाट ३० मीटर रुंदीचा आगपट्टा होऊन बसते. ९३ म्हणजे शेत. पण वाळलेल्या गव्हाचं शेत कडकडून जळतं, त्या हंगामासाठी त्याला गवताचं मॉडेल द्यावं लागतं. वेगवेगळ्या पट्ट्यांचा डेटा जोडलेला असेल तर इंधन मॉडेल सरळ रेषेत बदलताना दिसेल. जंगल असं सरळ रेषेत बदलत नाही, ती शिवण आहे.

एवढं झाल्यावर तुमच्या त्या जुन्या वणव्याकडे या. पण त्यासाठी आगीच्या आधीच्या स्थितीची लँडस्केप लागेल, आताची नव्हे. त्या दिवसांचं हवामान द्या आणि अंतिम सीमा जुळवायच्या मागे लागू नका, ती विझवणाऱ्यांनीही आखलेली असते. ज्या दिवशी आग मोकळी धावली तेवढा एकच दिवस घ्या आणि विचारा: शेंडे जिथे जळाले तिथे मॉडेल शेंडे जाळतंय का? वेग साधारण त्या पट्टीतला आहे का? नसेल तर आधी खालचं इंधन, मग बेस हाइट, मग डेन्सिटी, याच क्रमाने एका वेळी एकच गोष्ट बदला. वेगाचा अ‍ॅडजस्टमेंट फॅक्टर (मॉडेलच्या वेगाला गुणायचा आकडा) सगळ्यात शेवटी, आणि तोही फक्त वेग चुकत असेल तर. आगीचा प्रकार त्याने सुधारत नाही.