गंभीर कौटुंबिक नाटकात रहस्य फुटण्याच्या क्षणीच प्रेक्षक हसतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमधली हौशी संस्था आहे, नाटक दोन अंकी आहे, बहिणीचं मूल थोरल्या भावाने स्वतःचं म्हणून वाढवलं हे दुसऱ्या अंकात उघड होतं आणि नेमकं तिथेच सभागृह हसलं. शेवटी विचारलंय, "नाशिकच्या प्रेक्षकाला असं नाटक पचत नाही का?" उत्तर लिहायला बसलो ते या शेवटच्या वाक्यामुळे.

पचतं. शिरवाडकर-कानेटकरांचं गाव वगैरे दाखले देत नाही, त्याने तुमचं हसू थांबणार नाही. आधी हे सांगा, हसू नेमकं कधी आलं? वाक्य संपताक्षणी, दोन-तीन सेकंदांनी, की वाक्याच्या आधीच? माहीत नसेल तर पुढच्या प्रयोगाला शेवटच्या रांगेमागे एक फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा, माईकचं तोंड प्रेक्षकांकडे. विंगेत उभं राहून हे कळत नाही. तिथून सगळं हसू सारखंच ऐकू येतं.

वाक्य संपताक्षणी हसू आलं तर दोष वाक्याच्या चालीत आहे. "तुम्हाला काय वाटलं, बंटी दादाचा आहे?" मग थांबा, मग "माझा आहे." ही विनोदाची चाल आहे. आधी भरणी, मग विराम, मग शेवटच्या शब्दावर फटका. प्रेक्षकाचा कान तिथे आपोआप हसतो, विषय कितीही काळा असो. गुपित फोडणारा शब्द वाक्याच्या पोटात घाला आणि वाक्य पुढे चालू ठेवा: "बंटी माझा आहे, दादाचा नाही, आणि हे आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." आता त्याला पुढचं ऐकायचं असतं, हसायला जागाच उरत नाही.

दोन-तीन सेकंदांनी आलं तर शांतता रिकामी राहिली. रंगमंचावर सगळे पुतळे झाले की सभागृहात कोणीतरी अवघडून फिसकन हसतो आणि बाकीचे सुटतात. त्यात तुमचे नट एकेक करून माना वळवत असतील आणि मागून सिंथेसायझरचा 'ढॅण' येत असेल, तर मालिकांनी प्रेक्षकाला ती खूण इतकी शिकवली आहे की तो नाटकाला नाही, त्या खुणेला हसतो. एकाच नटाला प्रतिक्रिया द्या. बाकीच्यांचं हातातलं काम चालू राहू द्या, पान वाढणं, कपड्यांच्या घड्या, काहीही. हाताला काम असलेली शांतता सात-आठ सेकंद धरते. नुसती शांतता तीनच्या पुढे क्वचित टिकते.

प्रकाशात त्या वाक्यावर काहीही बदलू नका. मी प्रकाशयोजना करतो आणि हे मला दिग्दर्शकांशी भांडून मिळवावं लागतं. उजेड कमी करायचाच तर प्रसंगाच्या खूप आधी सुरुवात करून तीस-चाळीस सेकंदांत, कोणाच्या लक्षात येणार नाही इतका. स्वस्तातले एलईडीचे 'पार' दिवे अगदी मंद केले की पायरी-पायरीने उतरतात, उडी दिसते. त्यांना दहा टक्क्यांच्या वर थांबवा आणि शेवटचा उतार जुन्या हॅलोजनवर घ्या. निळा किंवा लाल तर नकोच.

तिसरं हसू, वाक्याआधीचं. यावरूनच "आपला प्रेक्षक उथळ" असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. इथल्याच एका संस्थेच्या नाटकात पंचवटीतला वाडा होता. वडिलांचं अस्थिविसर्जन रामकुंडावर उरकून मंडळी घरी आलेली, आणि तीर्थोपाध्यायांची नामावळीची वही. त्या वहीत घराण्याच्या पिढ्या, कोण कधी आलं, कोणाला किती मुलगे, खाली सह्या. वडिलांनी पूर्वी कधीतरी येऊन स्वतःच्या हाताने तिसऱ्या मुलाचं नाव लिहून ठेवलेलं असतं, आणि घरात तर दोघेच. कल्पना उत्तमच. पण दिग्दर्शकाने वही प्रवेशाच्या सुरुवातीलाच लाल फडक्यात गुंडाळून चौरंगावर ठेवली, वर स्पॉट मागितला, आणि ती उघडायला चौदा मिनिटं घेतली.

नाशिकमध्ये वही काय असते हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना घरातून माहीत असतं. वही दिसली की तिसरं नाव निघणार हे त्यांनी ओळखलं. कुजबुज सुरू झाली, मोबाइलचे उजेड दिसू लागले, आणि थोरल्याने थरथरत्या हाताने पान उलटलं तेव्हा हसले. खाली उतरून दिग्दर्शक म्हणाले, प्रेक्षक कच्चा आहे. जिथे असे उपाध्याय नाहीत अशा गावी हेच नाटक जसंच्या तसं नेलं तर शांतपणे पाहिलं गेलं, आणि त्यांना वाटलं आपलं खरं ठरलं. खरं उलटंच होतं. तिथल्या लोकांना वही म्हणजे काय हेच कळायला चौदा मिनिटं लागत होती. इथल्यांना चौदा सेकंद.

पुढे लेखकाने प्रवेश बदलला. वही दिसेनाशी झाली. गुरुजी कापडी पिशवी घेऊन येतात, दक्षिणेचं बोलतात, चहा नको म्हणतात, नोंद करायला पेन काढतात आणि खाली बघूनच विचारतात, "मुलगे दोघे लिहू की तिघे?" बस. आई दर्भाच्या काड्या गोळा करत राहते. हसू नाही, कुजबुज नाही. त्याच गावात, तोच तिकीटदर. माणसं उथळ होती म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर मला अजून दिलेलं नाही.

सुरुवातीला माईकवरून "विषय गंभीर आहे, सहकार्य करा" अशी सूचना देऊ का, हेही तुम्ही विचारलंय. नको. 1970 साली तेंडुलकरांचं 'गिधाडे' आलं तेव्हा साडीवरच्या रक्ताच्या डागाला नाटकांना मंजुरी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. डाग निळा करून तो लाल समजावा असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. ती सूचना म्हणजे मंडळाला दिलेली चपराक होती, तिचा उद्देश वेगळा. तुमची सूचना मात्र प्रेक्षकाला धक्क्याची वाट बघायला बसवेल, आणि वाट बघणारा आधी हसतो. त्यापेक्षा जाहिरात तपासा. 'कौटुंबिक नाटक' छापलंत तर इंदिरानगर-सिडकोहून लोक मुलंबाळं घेऊन येणार आणि दुसऱ्या अंकात आजोबा नातवाला उठवून नेणार. 'फक्त प्रौढांसाठी' लिहा, तिकीटविक्री थोडी घटेल.

प्रयोगानंतर मंचावर बोलावून "प्रतिक्रिया" घेण्याची पद्धतही बंद करा. ज्यांच्या घरात असं काही आहे ते माईक धरत नाहीत. बोलतात ते निवृत्त वक्ते, आणि ते स्वतःच्या वाचनाबद्दल बोलतात. मध्यंतरात चहाच्या टपरीपाशी संस्थेचा एक अनोळखी चेहरा उभा करा. लोक पात्रांवर भांडत असतील, आईने बोलायला हवं होतं की नको वगैरे, तर अंक लागला. पार्किंगबद्दल बोलत असतील तर पहिल्या अंकातली दहा मिनिटं कापायची आहेत.

शेवटी टाळ्या उशिरा आल्या तर घाबरू नका. पडदा पूर्ण पडल्यावर चार-पाच सेकंद अंधार धरा, मग सभागृहाचे दिवे हळूहळू. नटांची ओळख करून देताना उडतं संगीत लावू नका.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं मोठ्या नाट्यगृहाचं गणित आहे. शंभर खुर्च्यांच्या जागेत प्रेक्षक नटाच्या डोळ्यात बघत असतो, तिथे रिकामी शांतताही चालते. आणि नवी वाक्यं घालणार असाल तर लेखकाला विचारा, शिवाय परिनिरीक्षण मंडळाने मंजूर केलेल्या प्रतीत ती नसतील हे ध्यानात ठेवा, स्पर्धेत यावरून तक्रार होऊ शकते. तुमचं हसू तिन्हीपैकी कोणतं हे मला इथून सांगता येणार नाही. रेकॉर्डिंग ऐका. वाक्याआधीचं निघालं तर दुसऱ्या अंकाला हात लावू नका, पहिल्या अंकात बंटी आत्याला कुठे बिलगतो, ते बघा.