‘घरीच तर असतेस!’ आणि घरून काम करणाऱ्यांच्या इतर तक्रारी

गेली सतरा वर्षं मी फोंड्यात घरी बसून हिशेबाचं काम करतो. तेव्हा शेजाऱ्यांना वाटायचं, याची नोकरी गेली. आता निम्म्या वाड्यातल्या लोकांच्या कानात हेडफोन असतात, आणि पत्रं मला येतात. त्यातली काही या वेळी घेतोय, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

डिचोलीजवळच्या गावातून पुण्यातल्या कंपनीसाठी काम करतो. इन्व्हर्टर आहे, तरी वीज गेली की मीटिंगमधून बाहेर पडतो आणि पाच मिनिटांनी परत येतो. साहेबांना वाटतं, मी मुद्दाम करतो.

वीज जाणं आणि इन्व्हर्टरने भार उचलणं यात पापणी लवेल एवढाच वेळ जातो. दिव्या-पंख्याला तो जाणवत नाही, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. राउटर मात्र तेवढ्यात बंद पडतो आणि पुन्हा जागेवर यायला दोन-तीन मिनिटं घेतो. तुमची पाच मिनिटं तिथे जातात.

आधी फुकटातला उपाय. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू केलं की अदलाबदल जलद होते आणि कित्येकदा राउटर तग धरतो. नाहीच धरला तर राउटरसाठी मिळतो तो छोटा डीसी यूपीएस घ्या. दुकानात जाताना राउटरच्या अडॅप्टरवरच्या आकड्यांचा फोटो काढून न्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. आणखी एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलोय: फायबरचा डबा वेगळा आणि वायफायचा वेगळा असेल तर दोघांनाही बॅकअप लागतो. मी पहिल्यांदा फक्त राउटरला लावला. वीज गेली, राउटरचे हिरवे दिवे छान लुकलुकत होते, मी खूश, आणि नेट मात्र नाही. भिंतीवरचा डबा झोपला होता.

आता हिशेब, कारण तोच माझा धंदा. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लॅपटॉप ५०, नेटचे दोन्ही डबे मिळून २०, जुना छताचा पंखा ७५, असे १४५ वॅट धरले तर बारा तास निघतात. प्रत्यक्षात इन्व्हर्टर स्वतःही खातो आणि बॅटरी जुनी होत जाते, म्हणून सात-आठच धरा. त्यातच कोणी मिक्सर लावला तर गणित संपलं. बॅटरीतल्या डिस्टिल्ड वॉटरची पातळी मृगाच्या आधी बघून ठेवायची. पाऊस लागल्यावर इलेक्ट्रिशियन हाताला लागत नाही.

मे आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की प्लग सरळ उपटा. फायबरची तार काचेची असली तरी अडॅप्टर विजेच्या तारेलाच जोडलेला असतो. तेवढा वेळ मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवा, आणि ते सिमकार्ड घरच्या नेटपेक्षा वेगळ्या कंपनीचं असू द्या. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवणार असतील तर त्याची सूचना बहुधा वर्तमानपत्रात येते. ती वाचून साहेबांना आदल्या दिवशीच कळवलंत तर ‘मुद्दाम करतो’ हा संशय आपोआप जाईल.

लग्न होऊन केपे तालुक्यात आले. नोकरी घरूनच. सासूबाई मायाळू आहेत, पण कॉल चालू असताना ‘हळद खंय आसा गो?’ म्हणत दारात उभ्या राहतात. काही बोललं तर ‘घरीच तर असतेस!’ दार लावून घेतलं तर घरात तोंडं फुगतात.

ताई, दार लावू नका. म्हणजे कॉलपुरतं लावा, पण दार हा उपाय समजू नका. चिरेबंदी घरात लावलेल्या दाराचा अर्थ रुसवा असाच घेतात.

सासूबाईंच्या बाजूने बघा. त्यांच्या घरात सकाळपासून एकेक जण हाक मारत येतो: पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू, मग मासळीवाली नुस्तेकारीण, मग गॅसवाला. प्रत्येकाला कोणीतरी उठून ओ द्यायची असते. सासरे कामाला जायचे तेव्हा चप्पल घालून बाहेर पडायचे, ते काम. तुम्ही घरातल्या कपड्यांत खुर्चीवर बसून पडद्याशी हसून बोलता. त्यात काम कुठे दिसतं? त्यांना ते दिसत नाही, हा त्यांचा हट्ट नव्हे.

म्हणून ते दाखवा. एक दिवस चहा घेऊन त्यांना शेजारी बसवा आणि समोर काय आहे ते सांगा: ही माझी साहेबीण, हे अकरा वाजता द्यायचं, हे दिलं नाही तर पुढच्या माणसाचं अडतं. माझी आई वर्षभर मला ‘संगणकावर खेळतो’ म्हणायची. एकदा मार्चअखेरीला तिने माझ्या शेजारी बसून एका दुकानदाराच्या बिलांची बेरीज तपासली, दोन चुका काढल्या, आणि त्यानंतर पाहुण्यांना तीच सांगायला लागली, ‘आता नको, तो कामात आहे.’

दुसरं म्हणजे तुम्ही कधी मोकळ्या असता ते त्यांना ठाऊक असू द्या. ‘आता नको’ याने माणूस दुखावतो, ‘साडेअकराला येते’ याने नाही. फ्रीजवर कागद लावा, त्यावर फक्त मोकळ्या वेळा लिहा, आणि त्या पाळा. साडेअकरा म्हणजे साडेअकरा, नाहीतर दोन दिवसांत कागदाची किंमत जाईल. दुपारचं जेवण मात्र सगळ्यांबरोबर जेवा. कॅलेंडरवर एक ते दोन स्वतःच्या नावाने अडवून ठेवा. शितकडी गरम असताना पानावर बसणारी सून घरी असली तरी कामावर आहे, हे घर मान्य करतं. लॅपटॉपपुढे ताट घेऊन बसणारीला घर ना कामावर धरत, ना घरात.

आणि नवरोबांना विचारा, ते घरी असतात तेव्हा हळद कुठे आहे हे त्यांना का विचारत नाहीत. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

आजोबांच्या वेळचं घर, भिंती दीड हात जाड. राउटर सोप्यावर आणि माझी खोली राजांगणाच्या, म्हणजे आतल्या चौकाच्या, पलीकडे. नेट पोचतच नाही. जास्त स्पीडचा प्लॅन घेऊ का?

नको. विहिरीत पाणी भरपूर असून कळशी गळकी, अशातला हा प्रकार आहे. जाड चिऱ्याची भिंत वायफायच्या लहरी खाते, त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या जास्त. लांबच्या खोलीत फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडून बघा. वेग कमी मिळेल, पण तुटायचं कमी होईल. पक्का इलाज म्हणजे तारच. सोप्यावरून राजांगणाच्या कडेने, कौलांखालून लॅन केबल खोलीपर्यंत आणा आणि तिथे दुसरा राउटर लावा. १०० मीटरपर्यंत केबल सहज चालते, एवढा मोठा वाडा तुमच्या आजोबांनीही बांधला नसेल. केबल उघड्यावरून जात असेल तर पाइपातून न्या, नाहीतर उंदीर आणि पाऊस वाटून खातील.

अमेरिकन क्लायंटसाठी रात्री काम करते. झोपेची वाट लागली आहे.

न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं. ते सोमवार आधीच मांडून ठेवा. त्यांच्या अख्ख्या दिवसाला जागायची गरज क्वचितच असते. रात्री साडेदहापर्यंत बोलण्याची कामं, बाकीचं सकाळी, असं एकदा स्पष्ट विचारून बघा. बरेच जण हो म्हणतात. चवथीचे दिवस मात्र महिनाभर आधी कळवा. तिकडच्या माणसाला गणपतीवर टांगायची माटोळी म्हणजे काय ते कसं कळणार?

पाठ दुखते. जेवणाच्या टेबलावर बसतो.

लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येऊ दे. कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्या, हजारभर रुपयांत काम होतं. कोपर काटकोनात, पाय जमिनीवर, न टेकल्यास पाट. आरामखुर्चीत बसून काम करायचं नाही. तिचं काम वेगळं आहे. हाताला मुंग्या येत असतील तर मला नको, डॉक्टरांना विचारा.

पुण्यात राहतो. गोव्यात येऊन समुद्रकिनारी शॅकवर बसून काम करायचा विचार आहे. जमेल?

उन्हात पडदा दिसत नाही, कीबोर्डमध्ये रेती जाते, खारा वारा पोर्ट गंजवतो, आणि पावसाळ्यात शॅकच मोडून ठेवतात. भाड्याने खोली घ्या. संध्याकाळी किनाऱ्यावर या, हात हलवत.