वायर आहे, पण फोन दिसत नाही

प्रश्न : शिगम्याच्या रोमटामेळाचा ६ जीबीचा व्हिडिओ अँड्रॉइड फोनमध्ये आहे. तो विंडोजच्या कॉम्प्युटरवर घ्यायचा आहे. वायर जोडली की फोन नुसता चार्ज होतो. नेट फारच मंद.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : यासाठी नेटची गरजच नाही. वायर जोडून फोन अनलॉक करा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि यूएसबीच्या ओळीत 'फाइल ट्रान्सफर' निवडा. अँड्रॉइड सुरुवातीला फक्त चार्जिंगच देतो, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ती ओळच आली नाही तर वायर बदला; स्वस्तातल्या काही वायरींत डेटाच्या तारा नसतातच. मग कॉम्प्युटरवर 'धिस पीसी'मध्ये फोन उघडा. व्हिडिओ 'डीसीआयएम'मधल्या 'कॅमेरा' फोल्डरात असतो. 'कट' नको, 'कॉपी'च करा: मध्येच वायर निसटली तरी मूळ फाइल शाबूत राहते. कॉपी पूर्ण चालवून पाहिल्याशिवाय फोनमधली पुसू नका.

पेनड्राइव्हवर घ्यायचा झाल्यास पेनड्राइव्ह एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी काढून ठेवा). फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, जागा कितीही रिकामी असो.