"आम्ही जबाबदार नाही" यावर सही दिली म्हणजे सगळं संपलं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबतचे फोटो त्याहून जास्त वेळा. बाकीच्यांना कळावं म्हणून प्रकार थोडक्यात सांगते. तुमच्या आई ७४ वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी दिवसभर बघणारं कोणी नाही म्हणून सहा आठवड्यांसाठी रिहॅब सेंटरमध्ये ठेवलं (रिहॅब म्हटलं की लोकांना व्यसनमुक्तीच आठवते, पण हे ऑपरेशननंतर चालतंफिरतं करणारं सेंटर). नवव्या रात्री बाथरूमला जाताना त्या पडल्या, मनगट मोडलं, तुम्हाला फोन आला सकाळी सात वाजता. आणि हॉस्पिटलात कूस बदलताना माकडहाडाजवळ बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) दिसला, ज्याबद्दल सेंटरने नऊ दिवसांत चकार शब्द काढला नव्हता. आता ते म्हणतात ॲडमिशन फॉर्मवर "पडल्यास संस्था जबाबदार नाही" असं छापलंय आणि तुमची सही आहे, आणि डिपॉझिट हवं असेल तर "आमची काही तक्रार नाही" असं लिहून द्या.

ते पत्र देऊ नका. डिपॉझिट देत असतील तर घ्या, पण पावतीवर स्वतःच्या हाताने "तक्रारीचा हक्क राखून रक्कम स्वीकारली" असं लिहा, नाही म्हणाले तर परत या आणि तेच पत्राने किंवा ईमेलने मागा म्हणजे अट त्यांनी घातली हे कागदावर येईल.

फॉर्मवरच्या सहीचं एवढं घाबरू नका. उपचाराला संमती देणं म्हणजे निष्काळजीपणाला संमती देणं नव्हे, आणि असले छापील कलम ग्राहक आयोग डोळे झाकून मान्य करत नाही, तो बघतो की पैसे घेऊन जी सेवा कबूल केली ती दिली का. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी म्हणजे काय हे सांगताना निष्काळजीपणा तर आहेच पण ग्राहकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हेही आहे, आणि माझ्या मते तुमची केस पडण्यापेक्षा इथे जास्त मजबूत आहे.

कारण खरं सांगायचं तर नुसतं पडणं म्हणजे निष्काळजीपणा नाही, चांगल्या ठिकाणीही म्हातारी माणसं पडतात. प्रश्न असा की ॲडमिशनच्या वेळी पडण्याचा धोका तपासून लिहिला होता का, वॉकर हाताशी होता का, रात्री त्या मजल्यावर किती माणसं होती. बेडसोरचंही तसंच, काळजी घेऊनही कधी होतो. पण दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा ही पहिली पायरी, तिथेच तो ओळखायचा असतो आणि घरच्यांना सांगायचा असतो.

आता तुम्ही सामान आणायला गेलात तेव्हा फाइलचे जे फोटो काढलेत (फार शहाणपणाचं केलंत) त्यातला कूस बदलण्याचा तक्ता बघा. नऊही रात्री दर दोन तासांनी नोंद, एकच पेन, एकच अक्षर, जणू कोणी एका बैठकीत भरलाय. आणि त्या रात्री ४ आणि ६ वाजता "डाव्या कुशीवर" लिहिलंय. कॅज्युअल्टीच्या कागदावर आईंची नोंद ३.४० ची आहे, एक्सरेवर वेळ ४.०५. म्हणजे आई दुसऱ्याच इमारतीत एक्सरेच्या टेबलावर असताना इथे त्यांची कूस बदलली जात होती! यावर त्यांचा वकील काय बोलणार ते मलाच ऐकायचंय.

म्हणून उद्याच पूर्ण रेकॉर्डची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं आणि तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. सीसीटीव्हीचं पत्र वेगळं आणि त्याच दिवशी द्या कारण फुटेजवर नवीन रेकॉर्डिंग चढतं, मग कोणी हात वर केले तरी काही करता येत नाही. फोटो ज्या फोनवर काढलेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट फोटोंना जोडावं लागेल.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, आणि सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता तिथे करता येते. मुदत दोन वर्षं. सेंटरला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. तक्रार आईंच्या नावाने करा, तुम्ही अधिकारपत्र घेऊन चालवा. मुलंमुली स्वतःच्याच नावाने दाखल करतात आणि मग सोसलं कोणी यावरून पहिली तारीख वाया जाते, हे मी कितीदा पाहिलंय. तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये लागतंच असं नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय, तरी बेडसोर कोणत्या स्टेजचा होता हे आताच्या सर्जनकडून आजच लिहून घ्या, जखम भरल्यावर नाही.

पोलिसांबद्दल विचारलंत. फ्रॅक्चर ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ (निष्काळजीपणाने दुखापत) लागू शकतं. पण सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर गुन्हा लावायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि दुसऱ्या डॉक्टरचं मतही. तक्रार द्या, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा तुम्हाला कोणीतरी सुचवला तो इथला नाहीच, तो मुलांकडून पोटगी आणि मालमत्ता यासाठी आहे. सेंटरकडे नर्सिंग होमची नोंदणी आहे का ते मात्र तपासा, महाराष्ट्रात १९४९ चा नोंदणी कायदा आहे, सर्टिफिकेट दर्शनी भागात लावायचं असतं, तुमच्या एकाही फोटोत मला ते दिसलं नाही.

शेवटचं एक. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की आई म्हणाल्या, "बेल दाबली, वरचा लाल दिवा लागला, मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले." सेंटर म्हणतंय त्यांनी बेल दाबलीच नाही. आईंना जरा बरं वाटलं की शांतपणे पुन्हा विचारा, त्यांच्याच शब्दांत तारीख घालून लिहून घ्या, सही घ्या, आणि एकही शब्द सुधारू नका.