गंजी भिजली, विम्याचं काय?

प्रश्न: खरीप 2025मध्ये सोयाबीनचा विमा भरला होता. कापून लावलेली गंजी पावसात भिजली. 72 तासांत कळवलं तर भरपाई मिळते असं ऐकलं होतं, पण या वेळी तक्रारच घेतली नाही. असं का?

उत्तर: तुम्ही ऐकलेला नियम आधीच्या वर्षांचा. महाराष्ट्रात खरीप 2025पासून एक रुपयाचा विमा बंद झाला, तसंच काढणीनंतरच्या आणि स्थानिक आपत्तीच्या नुकसानीचं संरक्षणही गेलं. आता भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगांवरून, म्हणजे निवडलेल्या शेतांतलं पीक कापून केलेल्या वजनावरून.

समजा, उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते, ते ठरलेलं उत्पन्न) हेक्टरी 1,000 किलो आणि मंडळाचं सरासरी उत्पन्न 700 किलो भरलं. तूट 30 टक्के. विमा संरक्षित रक्कम 50,000 असेल, तर हेक्टरी 15,000 रुपये मिळतात. हप्ता 2 टक्के, म्हणजे 1,000. तुमची एकट्याची गंजी सडली, पण मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या खाली गेली नाही, तर हाती काहीच येत नाही. आमच्या मते ही या योजनेतली सर्वांत दुखरी जागा आहे.

म्हणून गावात कापणी प्रयोग असेल तेव्हा बांधावर हजर राहा आणि वजन डोळ्यांसमोर होऊ द्या. ई-पीक पाहणीत (शेतातल्या पिकाची मोबाइलवरून होणारी सरकारी नोंद) सोयाबीनच नोंदवा; तिथे तूर आणि अर्जात सोयाबीन असलं, तर अर्ज बाद होऊ शकतो. कर्जदारांना विमा नको असेल, तर मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावं, नाहीतर हप्ता कापला जातो.

अतिवृष्टीच्या सरकारी मदतीसाठी महसूलचा पंचनामा वेगळा असतो. त्यासाठी तलाठ्याकडे जा.