चीजच्या ताटात लपलेली बाई

प्रश्न: नमस्कार, मागच्या रविवारी आम्ही गंगापूर धरणाकडे जेवायला गेलो होतो, तिथे भिंतीवर एका जुन्या पेंटिंगची प्रिंट होती, चीजचे मोठ्ठे तुकडे एकावर एक, वर बशीत लोण्याच्या वळ्या, बाजूला बदाम, खाली क्लारा पीटर्स एवढंच नाव. लेकीने विचारलं हे चीज पहिलं कोणी बनवलं, मी आपली वेळ मारून नेली. सासूबाईंची शंका वेगळीच, हे व्हेज असतं का? जरा सांगाल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, ते चित्र १६१५ च्या आसपासचं, मूळ चित्र नेदरलँड्समध्ये हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममध्ये आहे, आणि ते अगदी छोटं आहे, साधारण ३५ बाय ५० सेंटीमीटर. त्यातलं मोठं पिवळं चीज गौडा किंवा एडाम या डच चीजच्या घराण्यातलं समजतात. (तिकडचे लोक गौडाला 'खाउडा' म्हणतात, घसा खरवडून, लेकीला म्हणायला लावा.)

आता पहिलं कोणी बनवलं, तर असं एक नाव घेता येत नाही, मला विचाराल तर ते जमिनीने बनवलं! तिकडची जमीन दलदलीची, लोकांनी चर खणून पाणी काढलं आणि गहू वगैरे पेरला, पण पाणी गेलं की तसली जमीन आक्रसते, हळूहळू खाली बसते, मग ती परत ओली व्हायला लागली आणि धान्य काही येईना. गवत मात्र झकास. मग गाई, मग दूध, आणि एवढं दूध टिकवणार कसं, तर चीज. शेतावर हे काम जास्त करून बायकाच करायच्या. गौडा हे गाव चीज बनवण्याचं नाही, विकण्याचं, म्हणजे आपल्याकडे कांदा पिकतो गावोगाव पण नाव होतं लासलगावचं, तसंच. तिथे १६६८ मधलं चीज तोलायचं वजनघर अजून उभं आहे, आणि सौदा व्हायचा एकमेकांच्या हातावर टाळ्या देत भाव बोलून. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो ना, त्याचंच हे उघडं भावंड म्हणा.

करायची पद्धतही गंमतशीर आहे. पनीरला आपण लिंबू पिळून दूध फाडतो, इथे रेनेट (दूध घट्ट करणारं एन्झाइम) घालून दह्यासारखं घट्ट करतात, मग कापून त्यातलं थोडं पाणी काढून टाकायचं आणि त्याजागी गरम पाणी ओतायचं, त्याने दुधातली साखर धुऊन जाते, आंबट व्हायला फारसं काही उरत नाही, म्हणून गौडा जरा गोडसर लागतं. पुढे साच्यात दाबायचं, मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि लाकडी फळ्यांवर महिनोन्‌महिने उलटंपालटं करत पिकवायचं.

सासूबाईंची शंका रास्त आहे. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढतात, त्यामुळे तिकडचं जुन्या पद्धतीचं चीज व्हेज नाही. आपल्याकडच्या बऱ्याच चीजमध्ये मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं, रेनेट असतं, पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या.

राहिली क्लारा. ती आताच्या बेल्जियममधल्या अँटवर्पची, त्या काळात बायकांना मॉडेल बसवून उघडं शरीर काढायला शिकता यायचं नाही, बहुतेक म्हणूनच तिने ताटंवाट्या, मासे, फुलं काढली, आणि काय काढली! माद्रिदच्या प्रादो म्युझियमने पहिल्यांदा एकट्या बाई चित्रकाराचं प्रदर्शन भरवलं ते हिचं, पण त्याला २०१६ उजाडावं लागलं. आता परत गेलात की लेकीला त्या प्रिंटसमोर उभं करा. पुढे जी चांदीची सुरी आहे तिच्या मुठीवर क्लाराचं नाव कोरलेलं आहे, आणि मागच्या तपकिरी सुरईच्या धातूच्या झाकणात एक इवलासा चेहरा दिसतो, तो तिचाच. प्रिंट धुरकट असेल तर मोबाईलवर झूम करून बघा.