दगड रात्री फुटतो, मग पडतो उन्हात का?

प्रश्न : मे महिन्यात आमच्या सोसायटीतली काही कुटुंबं मिळून लडाखला जाऊन आलो. घाटातल्या एका वळणावर ड्रायव्हर म्हणाला, पटकन निघू, ऊन चढलं की इथे वरून दगड येतात, रात्री बर्फाने फोडलेले असतात. बर्फ आपण घरी चमच्याने फोडतो, तो दगड कसा काय फोडणार? आणि आमच्या पारसिकच्या डोंगराला असं काही होतं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ड्रायव्हरचं अगदी बरोबर आहे, त्याचं ऐकत जा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून तर काठोकाठ भरलेली बाटली फ्रीजरमध्ये विसरली की तिचा तळ फुगतो, काचेची असली तर तडकते. चमच्याने फोडता तो बर्फ मोकळा असतो हो, त्याला सरकायला जागा असते. दगडाच्या बारीक फटीत पाणी वरून आधी गोठतं, तोंडाला बूच बसतं आणि आतलं पाणी गोठायला लागलं की त्याला पसरायला वाटच नाही, मग ते फटीच्या दोन्ही भिंती रेटतं. पूर्ण कोंडलेलं असेल तर उणे २२ डिग्रीला हा रेटा हवेच्या दाबाच्या सुमारे २००० पट जाऊ शकतो, प्रत्यक्षात एवढा क्वचितच होत असेल कारण फट कुठेतरी उघडी असतेच, पण तेवढा लागतही नाही. दगड वरून दाबला तर भक्कम, आतून ताणला की कच्चा, बहुतेक दगड या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याच्याही आधी फाटतात.

पण नुसत्या फुगण्यावर सगळं भागत नाही आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. १९३० च्या सुमारास स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने मातीत पाण्याऐवजी बेंझीन गोठवून बघितलं. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं, तरीही माती वर उचलली गेली! कारण शून्याच्या खालीसुद्धा कणांना चिकटून न गोठलेल्या द्रवाचा पातळ थर राहतो, आणि तयार होणारा बर्फ त्या थरातून आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढत राहतो, जाड होत जातो. दगडातही हेच चालतं, साधारण उणे ३ ते उणे ८ डिग्रीच्या पट्ट्यात सगळ्यात जोरात, त्यामुळे थंडी जितकी कडक तितकी तोडफोड जास्त असं काही नाही, पाणी मिळत राहिलं पाहिजे. दिवसा वितळलं, फटीत आणखी खोल गेलं, रात्री परत गोठलं, असं वर्षानुवर्षं चालतं.

आता उन्हाचं. रात्री दगड सुटा झाला तरी तोच बर्फ त्याला जागेवर धरूनही ठेवतो, सकाळी ऊन उतारावर आलं की पकड सुटते आणि दगड खाली. गिर्यारोहक अशा उताराखालून पहाटेच निघून जातात ते याचसाठी. रस्त्याच्या कडेला टोकदार, धारदार दगडांचे ढीग बघितले असतील, ते असेच साठलेले.

पारसिकला मात्र हे होत नाही, ठाणे-नवी मुंबईत पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. आपला बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो थंड होतानाच त्याला भेगा पडलेल्या आहेत. त्यात पावसाचं पाणी शिरतं, खनिजांची हळूहळू माती होते आणि दगड कडेकडेने कांद्यासारखा सोलत गोल होत जातो. कुठे डोंगर कापला असेल तिथे नीट बघा, भुरकट मातीत काळे गोलसर धोंडे बसलेले दिसतील. शिवाय पिंपळा-वडाची मुळं भेगा रुंदावतात. दरडी आपल्याकडेही कोसळतात, पण धोक्याची वेळ वेगळी, चार दिवस पावसाची झड लागली की भेगांमधलं पाणी दाब देतं, माती चिखल होऊन धोंड्याचा आधार जातो. मग तो रात्रीही येतो आणि दुपारीही, त्यामुळे सलग पाऊस चालू असताना कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावू नका.